भिंतीतला लोहार

शनिवारची रात्र. आठवडाभर मनाशी ठरवून ठेवलं होतं की आज निवांत बसायचं आणि तो जुना गेम पुन्हा हाती घ्यायचा. नवा कन्सोल आहे, टीव्ही बरा आहे, सोमवारपर्यंत कोणी काही विचारणार नाही. आणि रात्री दीड वाजता मी काय करत होतो? डाउनलोडच्या पट्टीकडे बघत बसलो होतो. ६१ टक्के. गेम माझाच, रोख पैसे मोजून घेतलेला, १४० तास खेळून झालेला. तोच गेम दुसऱ्यांदा विकत घेऊन तो कधी उतरतोय याची वाट बघत होतो.

गेमचं नाव सांगत नाही. सांगितलं की त्याचे भक्त धावून येतील आणि मूळ मुद्दा राहील बाजूला.

तर झालं असं. जुन्या कन्सोलवर हा गेम मी निघाल्या दिवशी घेतला, पूर्ण किमतीला. पुढे दोन डीएलसी आले, म्हणजे गेमला जोडायचे, वेगळे विकले जाणारे नवे भाग, तेही आले तसे घेतले. त्या गेमच्या नावाने जे जे विकायला काढलं ते सगळं माझ्याकडे आहे. नंतर कंपनीने तेच सगळं एका गाठोड्यात बांधून ‘कम्प्लीट एडिशन’ म्हणून अर्ध्या किमतीत विकलं. चालायचंच, घाई आपल्याला होती. आता नव्या कन्सोलसाठी सुधारित आवृत्ती आली. जाहिरात म्हणते, जुना गेम असेल तर थोडे पैसे भरा आणि अपग्रेड करा. स्टोअर उघडलं तर माझ्या खात्यावर अपग्रेडचं बटणच नाही! थेट पूर्ण किंमत. अर्धा तास डोळे फोडल्यावर खाली बारीक अक्षरांत सापडलं: सवलत फक्त कम्प्लीट एडिशनवाल्यांना.

म्हणजे माझ्याकडे मूळ गेम आहे, पहिला डीएलसी आहे, दुसरा डीएलसी आहे, पण तिघांची बेरीज ‘कम्प्लीट’ होत नाही. जो तीन वर्षं थांबला आणि सेलमध्ये अर्ध्यात घेऊन गेला, तो पात्र. ज्याने पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून पूर्ण पैसे दिले, तो अपात्र. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की तुमची निराशा आम्ही समजू शकतो. अहो, समजू नका, बटण द्या!

शेवटी घेतला. हो, पूर्ण किमतीत घेतला. मला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, पण त्यात पहिला नंबर माझाच आहे.

आता सेव्हची, म्हणजे आपण कुठवर खेळलो त्या साठवलेल्या नोंदीची कथा ऐका. नवी आवृत्ती जुनी सेव्ह थेट वाचत नाही. त्यासाठी आधी जुना गेम नव्या कन्सोलवर उतरवायचा, ६० जीबी. मग त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल. मग त्याच्या मेन्यूत ‘सेव्ह अपलोड करा’ असा एक नवा पर्याय उगवतो, तो दाबायचा. मग जुना गेम उडवायचा, कारण दोन्ही एकदम डिस्कवर मावत नाहीत. मग नवा उतरवायचा, ९५ जीबी. ही माझी रात्र. पहाटे सेव्ह उघडली आणि मी एका नदीकाठी उभा, अंगावर ते फाटकं चामड्याचं चिलखत, जे मी कधीच विकून टाकलं होतं. कारण ऑटोसेव्ह, म्हणजे गेम आपोआप करतो ती सेव्ह, पुढे जात नाही, फक्त हाताने केलेली सेव्ह जाते, आणि हाताने मी शेवटची सेव्ह केली होती ५२व्या तासाला. ८८ तास गेले. हे अपलोडच्या पडद्यावर एका ओळीत सांगता आलं असतं. तिथे काय लिहिलं होतं माहितीये? “तुमचा प्रवास पुढे सुरू ठेवा.”

बरं, ट्रॉफ्याही, म्हणजे गेममधल्या कामगिरीची पदकंही, पहिल्यापासून. एकच गेम, एकच माणूस, पण यादीत तो दोनदा दिसतो, एकदा ९४ टक्के आणि एकदा शून्य.

आणि आता लोहार. या गेममध्ये पुलापलीकडच्या गावात एक लोहार आहे. पाऊस पडत असताना गावात शिरलं की हा बाबा भट्टीमागच्या भिंतीत कमरेपर्यंत रुतायचा. त्याच्याशी बोलता यायचं नाही आणि तलवारीची अख्खी साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची मोहीम, लटकायची. उपाय सगळ्यांना पाठ: गावाबाहेर जा, तंबूत झोप, ऊन पडलं की परत ये. एवढी वर्षं झाली, किती पॅच आले, लोहार भिंतीतच. म्हटलं आता नव्याने केलाय, पूर्ण पैसे घेतलेत, निदान याला तरी बाहेर काढला असेल. गेलो. पाऊस सुरू होताच. लोहार भिंतीत. फक्त आता त्याच्या दाढीचा केस न् केस मोजता येतो. कपाळावरच्या घामाच्या थेंबात भट्टीचा जाळ चमकतो. भिंतीबाहेर उरलेल्या अर्ध्या लोहाराची सावली, रे-ट्रेसिंगच्या, म्हणजे खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणाऱ्या तंत्राच्या कृपेने, बरोब्बर अर्धीच पडते.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मला मनापासून आवडली. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. जुन्या कन्सोलवर हा गेम ३० फ्रेमवर चालायचा, म्हणजे एक चित्र पडद्यावर ३३ मिलिसेकंद राहणार. ६० म्हणजे जेमतेम १७. हा फरक डोळ्यांपेक्षा हातांना आधी कळतो. बटण दाबलं आणि तलवार फिरली यातली ती चिकट दिरंगाई गायब होते. एकदा सवय झाली की परत ३० वर जाणं म्हणजे ओल्या वाळूत पळणं.

पण माझा संताप नेमका इथेच आहे. ते ३० फ्रेमचं बंधन जुन्या यंत्राच्या दमासाठी घातलेलं होतं. नव्या यंत्रात दम आहे, बंधन मात्र तसंच, आणि ते सोडायचे पैसे वेगळे. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जे गेम फ्रेमला कुलूप न लावता सोडले होते ते आपोआप सुसाट धावतात. ज्यांना कुलूप होतं ते दुप्पट-चौपट ताकदीच्या यंत्रावर बसूनही ३० वरच खुरडतात. ब्लडबोर्न बघा. २०१५ चा गेम, आजही अधिकृतपणे ३० फ्रेम. हौशी पोरांनी फावल्या वेळात पॅच लिहून तो ६० वर चालवून दाखवला, मालकांना जमत नाही म्हणे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये आपल्या एक्सबॉक्ससाठी एफपीएस बूस्ट आणलं आणि डेव्हलपरने कोडला हात न लावता कित्येक जुन्या गेमच्या फ्रेम दुप्पट करून दिल्या, फुकट. त्याच वर्षी गॉड ऑफ वॉरला ६० चा पॅच मिळाला, तोही फुकट. म्हणजे करता येतं. करायचं की विकायचं, एवढाच प्रश्न असतो.

हो, सगळीकडे हे इतकं सोपं नसतं, मला माहीत आहे. काही गेममध्ये आतलं गणितच फ्रेमवर बेतलेलं असतं. डार्क सोल्स २ पीसीवर ६० फ्रेमवर चालायला लागला आणि शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायला लागली, कारण झीज फ्रेमवर मोजली जात होती. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर तर इतका विचित्र होता की त्याचे गेम आज नव्या कन्सोलवर आणायचे म्हणजे खरोखर घाम गाळावा लागतो. तिथे मी पैसे देईन, हसत देईन. मेट्रॉइड प्राइम २०२३ मध्ये ज्या निगुतीने परत आणला, तशी मेहनत असेल तर माझी तक्रार शून्य. आणि विचर ३ वाल्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये ज्यांच्याकडे गेम होता त्या सगळ्यांना नव्या कन्सोलची आवृत्ती एक पैसा न घेता दिली. सुरुवातीला पीसीवर ती अडखळली, तरीही मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण बाकीच्यांचं काय चाललंय? द लास्ट ऑफ अस २०१३ मध्ये आला, २०१४ मध्ये रिमास्टर झाला, म्हणजे तोच गेम चकाचक करून पुन्हा काढला, २०२२ मध्ये पुन्हा नव्याने बांधून ७० डॉलरला विकला. दहा वर्षांच्या आत एकच गोष्ट तिसऱ्यांदा, तीन पिढ्यांच्या कन्सोलवर. जीटीए ५ ची तीच तऱ्हा, २०१३, २०१४, २०२२. स्कायरिम २०११ पासून इतक्या यंत्रांवर निघाला की शेवटी कंपनीनेच २०१८ च्या ई३ या गेमच्या मेळ्यात स्वतःवर विनोद केला आणि आवाजावर चालणाऱ्या अलेक्सावर स्कायरिम काढला. लोक हसले, मीही हसलो. आणि तीन वर्षांनी ॲनिव्हर्सरी एडिशन आली.

घोस्ट ऑफ त्सुशिमाच्या डायरेक्टर्स कटची, म्हणजे वाढीव आवृत्तीची, तर मला कमाल वाटते. त्यात इकी बेटाचा नवा भाग होता, त्याचे पैसे घ्या, काही म्हणणं नाही. पण जपानी संवादांशी ओठांची हालचाल जुळणं, हे कन्सोलवर फक्त प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीत. जपानमध्ये घडणारा, सामुराईचा गेम, आणि पात्रं जपानी बोलताना त्यांचे ओठ जपानी हलावेत यासाठी नवं यंत्र आणि वर अपग्रेडचे पैसे!

होरायझन झीरो डॉनचा किस्सा याहून पुढचा. २०२४ मध्ये रिमास्टर जाहीर झाला आणि जुना गेम असेल तर १० डॉलरमध्ये अपग्रेड असं ठरलं. वा! तेवढ्यात स्टोअरवर जुन्या कम्प्लीट एडिशनची किंमत २० डॉलरवरून ४० वर गेली. का, तर कोणी हुशारी करून स्वस्तात जुना घेऊन वर १० भरू नयेत. सात वर्षं जुना गेम जसजसा म्हातारा होईल तसतसा महाग! हे गणित ज्याने मांडलं त्याला त्या रात्री झोप चांगली लागली असणार.

इथवर निदान जुनं तरी हाताशी असतं. माझं डोकं खरं फिरतं ते जुनं काढून घेतात तेव्हा. डार्क सोल्सचा रिमास्टर २०१८ मध्ये आला आणि स्टीम या पीसी गेमच्या दुकानातून जुनी आवृत्ती गायब. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीएच्या तीन जुन्या गेमचा ‘डेफिनिटिव्ह’ संच आला. त्याआधीच जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून उचलले होते. आणि संच कसा? पाऊस असा की पडद्यावर कोणी पांढऱ्या रेघोट्या ओढल्यासारखा, पात्रांचे चेहरे मेणाचे, दुकानांच्या पाट्यांवर शुद्धलेखनाच्या चुका. इतकी बोंब झाली की जीटीएच्या कंपनीला, रॉकस्टारला, माफी मागून जुने गेम पीसीच्या दुकानात परत ठेवावे लागले. वॉरक्राफ्ट ३ रिफोर्ज्डने २०२० मध्ये तर कहरच केला. ज्यांनी नवा घेतलाच नाही, ज्यांना तो नकोच होता, त्यांच्या जुन्या गेमच्या जागीही नवा क्लायंट, म्हणजे गेम चालवणारा नवा प्रोग्राम, येऊन बसला. म्हणजे तुम्ही घरात झोपलाय आणि सकाळी उठून बघता तर कोणीतरी दरवाजा बदलून गेलंय, आणि नवा नीट लागतही नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, की आम्ही वारसा जपतोय. कसला वारसा? सायलेंट हिलचा एचडी संच २०१२ मध्ये आला. तो करायला घेतला तेव्हा मूळ गेमचा पूर्ण झालेला सोर्स कोडच कंपनीकडे नव्हता. अर्धवट कोडवरून काम करावं लागलं, आणि त्या खेळाचा जीव असलेलं धुकंच विरून गेलं. मास इफेक्टच्या २०२१ च्या संचात एक डीएलसी नाही, कारण त्याचा मूळ सोर्स कोडच खराब झालेला. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजलं, तर २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकतच मिळत नव्हते. जे मेलेत त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि जे धडधाकट आहेत, ज्यांना कसलंही औषध नकोय, त्यांचंच दर चार वर्षांनी ऑपरेशन.

स्कायरिमबद्दल विचारलं तेव्हा त्याचा दिग्दर्शक टॉड हॉवर्डने सरळ सांगितलं होतं, तो पुन्हा पुन्हा काढणं बंद व्हायला हवं असेल तर विकत घेणं बंद करा. ते ऐकून मला फार राग आला होता. कारण तो गेम माझ्याकडे तीन यंत्रांवर आहे.

असो. काल रात्री परत बसलो. ५२व्या तासापासून सुरुवात केलीये, ते भिकार चिलखत अजून अंगावर आहे, पण तलवार झकास फिरते. कन्सोल चालू केला तर आणखी एक पॅच, ११ जीबी. काय काय सुधारलं याची यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. घोड्याच्या आयाळीची झळाळी वाढवली आहे. लोहाराचं नाव नाही.