नेमके किती तास लागतात?

अमेरिकेला जाणाऱ्या माणसाला एकवेळ व्हिसाचा ऑफिसर परवडला, तो दोन प्रश्न विचारून सोडून तरी देतो, पण नातेवाईक नको. आमचे साताऱ्याचे काका एसटीत कंट्रोलर होते, सगळा जन्म वेळापत्रकात गेला, त्यामुळे माझ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रवासाचं ऑडिट आपोआप त्यांच्याकडेच जातं.

यावेळी त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणितच मांडून ठेवलं होतं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,५०० किलोमीटर, विमान ताशी ९००, म्हणजे झाले १५ तास. "मग तू दीड दिवस होतास कुठं?"

म्हटलं, काका, दुबईला विमान बदललं. झालं! लगेच मोबाईलवर दुबईचं अंतर काढलं. दुबईहून सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर!! म्हणजे मुंबईहून तीन तास उडायचं, तिथे खुर्चीत वाकडं होऊन रात्र काढायची, आणि एवढं करून अमेरिका जवळ आली किती, तर जेमतेम ५०० किलोमीटर. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी डेपोतली गाडी पळवून नेलीये. तिकीट स्वस्त होतं हे कारण त्यांना अजिबात पटलं नाही.

मग डायरेक्टचा विषय निघाला. उन्हाळ्यात दुपारी ४ ला मुंबईहून निघालं आणि सोळा तास धरले तर तिकडे त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला उतरतो, कारण तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागे. काका म्हणाले, "म्हणजे साडेतीन तास! अरे एवढ्यात शनिवारी लोणावळ्याचा घाट उतरत नाही कुणी." आता ते सोळा तास मधल्या सीटवर दोन्ही कोपर पोटाशी घेऊन, समोरच्या स्क्रीनवरचं न हलणारं विमान बघत मी बसलेलो असतो हे यांना कसं सांगणार, जाऊदे.

बरं, लांबचा रस्ता म्हणजे जास्त वेळ हेही इथे चालत नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, रस्ता वाढून १५,३०० किलोमीटरच्या आसपास गेला आणि वेळ उलट कमी झाला, साडेचौदा तास, कारण वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि विमानाला मागून ढकलतो. "लांबून जाऊन लवकर? आमच्याकडे जादा डिझेलचा मेमो हातात पडला असता."

शेवटी त्यांनी खास खात्यातला प्रश्न काढला, ड्रायव्हर कुठं बदलतात? म्हटलं, कुठेच नाही, चार पायलट आतच असतात, दोघं चालवतात तेव्हा दोघं झोपतात. इतका वेळ आत कांदे चिरत बसलेली काकू सुरी घेऊनच बाहेर आली.

"आणि त्यांना उठवतं कोण?"