सौरऊर्जा म्हणजे परकीय कर्जाचा फास? मुळीच नाही

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जर्मनी आणि जागतिक बँक कर्ज देऊन आपल्या गळ्यात सोलर बांधतात, बदल्यात कोळसा बंद करायला लावतात. रात्री अंधार, आणि पॅनेल चीनची.’

आधी कर्जाचं बघू. कर्ज आहेच. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचा, महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेच्या कर्जातून उभा राहिला. पण सौरप्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो. पुढे पंचवीस वर्षं कोळसा नाही, त्याचं रेल्वेभाडं नाही. म्हणून पैसा किती व्याजाने, किती मुदतीने मिळाला यावर युनिटचा भाव ठरतो. मध्य प्रदेशात रीवाच्या सौरपार्कमधल्या सामायिक कामांना जागतिक बँकेचं कर्ज मिळालं, बिल थकल्यास राज्य सरकारची हमी होती, आणि २०१७च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैशांवर आला. असा पैसा नाकारला तर महाग वीज आपल्याच यंत्रमागांना परवडणार नाही.

रागवायचंच तर श्रीमंत देशांच्या हात आखडण्यावर रागवा. हवामानबदलाशी लढायला विकसनशील देशांना २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, असा शब्द त्यांनी २००९मध्ये दिला आणि पाळला २०२२मध्ये, तोही बराचसा कर्जाच्या रूपात. २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. कबूल झाले ३०० अब्ज, तेही २०३५पर्यंत. भारताने तिथल्या तिथे हरकत घेतली, ती रास्तच होती.

आता कोळसा बंद करायला लावल्याची गोष्ट. हवामानबदल रोखण्यासाठीचा पॅरिस करार झाला २०१५मध्ये. आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी या कोळशावरच्या वीजकेंद्रातला ६६० मेगावॉटचा पहिला संच त्यानंतर, २०१७मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९मध्ये. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१मध्ये कोळसा ‘बंद’ऐवजी ‘कमी’ करायचा, हा बदल तर भारतानेच करून घेतला. फताटेवाडीच्या त्या संचांना लागणारं पाणी उजनी धरणाचं आहे आणि शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हेही मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी बघावं.

रात्री सूर्य नसतो, मान्य. तेव्हा औष्णिक आणि जलविद्युत आहेच. पण मोहोळ-मंगळवेढ्याकडे रात्रीच्या लाइटवर साप-विंचवांत दारं धरणाऱ्यांना दिवसा वीज मिळावी, म्हणूनच सौर कृषी वाहिनी योजना आहे.

चीनचा मुद्दा अर्धा खरा आहे. २०२२मध्ये आयात पॅनेलवर ४० टक्के शुल्क लागलं, इथे पॅनेल बनवणारे कारखाने वाढले. पॅनेलच्या आतल्या सेलसाठी आणि सेल ज्यापासून बनतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांसाठी (वेफर) मात्र अजून चीनकडे बघावं लागतं. ते कारखानेही इथे उभे राहायला हवेत, आणि त्यालाही स्वस्त भांडवलच लागेल.