घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ, म्हणे!

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय. इंग्रजांनी भारताची वेळ मुद्दाम साडेपाच तास पुढे ठेवली, का तर साहेबाने घड्याळ उलटं धरलं की त्याला लंडनची वेळ दिसावी, बाकी सगळ्या जगात पूर्ण तासाचे 24 झोन आणि अर्धा तास फक्त आपल्या गळ्यात, गुलामीची खूण वगैरे. खाली एक तक्ता पण आहे, त्याच्याकडे नंतर येतो. टाकलाय काकांनी, म्हणून तिकडे गप्प बसलो.

आधी उलट्या घड्याळाचं बघू. ट्रिक चालते हो, नाही कोण म्हणतंय. दुपारी 3.20 ला घड्याळ उलटं धरा, 9.50 सारखं दिसतं आणि हिवाळ्यात लंडनला खरंच सकाळचे 9.50 असतात. (नीट बघितलं तर छोटा काटा 9 च्या जरासाच पुढे असतो, खऱ्या 9.50 ला तो 10 ला टेकायला आलेला असतो, पण सोडा.) मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, तेवढे दिवस फरक साडेचार तासांचा. म्हणजे वर्षातले सात महिने ही ट्रिक एक तास चुकते.

मग साडेपाच आले कुठून? तेव्हा मुंबईचा टाइम ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होता आणि कलकत्त्याचा 5 तास 53 मिनिटं. आता सगळ्यांना एकच वेळ द्यायची तर 5 घेतले की कलकत्ता 53 मिनिटांनी मागे ओढलं जातं, 6 घेतले की मुंबई 69 मिनिटांनी पुढे ढकलली जाते, म्हणून मधली 82.5 अंशाची रेघ धरली, मिर्झापूरजवळून जाते ती. 15 अंशाला एक तास, करा भागाकार. 1 जानेवारी 1906 पासून हा टाइम लागू झाला, आणि गंमत म्हणजे ज्याला आज गुलामीची खूण म्हणतायत त्या वेळेला तेव्हा मुंबईकरच तयार नव्हते, 39 मिनिटं मागचा बॉम्बे टाइम त्यांनी 1955 पर्यंत धरून ठेवला!

"फक्त आपल्यालाच अर्धा तास" हे तर एका मिनिटात कळतं. इराण साडेतीन, अफगाणिस्तान साडेचार, म्यानमार साडेसहा, ऑस्ट्रेलियात ॲडलेड साडेनऊ. नेपाळ तर पावणेसहा, म्हणजे काठमांडूला उतरलात की घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं.

24 झोन पण नाहीत. झोन ठरवतं त्या त्या देशाचं सरकार. चीन एवढा आडवा पसरलेला पण 1949 पासून सगळीकडे बीजिंगचीच वेळ, शिनजियांगमधे बरेच लोक आपले दोन तास मागचा लोकल टाइम पाळतात. किरिबाटीने 1995 मधे आपली पूर्वेकडची बेटं तारीखरेषेच्या या बाजूला घेतली, तिथे ग्रिनिचच्या 14 तास पुढे. सामोआने 2011 मधे 30 डिसेंबर हा दिवसच कॅलेंडरमधून उडवला, 29 नंतर थेट 31.

आता तो तक्ता. त्यात "न्यूयॉर्क साडेदहा तास मागे" असं कायमचं छापलंय. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, रविवारी तिथल्या सकाळी 10 ला फोन करतो, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, जेवणं उरकलेली असतात. मार्चचा दुसरा रविवार आला की तोच फोन साडेसातला वाजतो आणि आईचा कुकर अजून गॅसवर असतो, मग नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी शिट्ट्यांमधेच बोलणं.