पोरांना प्रेरणेचं व्याख्यान नको, पट्ट्या घेऊन या म्हणणारे सर हवेत

कॉलेजातली पोरं "निगेटिव्ह झालीत" असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. थोरल्या भावाची बीएची डिग्री पेटीत पडून आहे, शेजारचा दादा पुण्यात पाच-सहा वर्षं एमपीएससी करून गावी परतलाय, बाप सोयाबीन मिळेल त्या भावाला घालून आलाय. हे रोज बघणाऱ्या पोराला "सकारात्मक राहा" सांगून काय होणार?

आमचे अर्थशास्त्राचे सर असं कधीच बोलले नाहीत. लातूरकडचं तालुक्याचं कॉलेज. टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात चार-पाच डोकी, बाकी सगळे चहाच्या टपरीवर. एक दिवस सर टपरीवरच येऊन बसले. शिकून उपयोग नाही, नोकऱ्या आधीच ठरलेल्या असतात, शेतीत राम नाही... पोरांनी सगळं बोलून घेतलं. सरांनी मध्ये कुणाला तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "शेतीत राम नाही ना? मग किती रुपयांनी नाही ते काढू. घरून आडतीच्या पट्ट्या घेऊन या." पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या देतो ती हिशोबाची पावती.

२०२४ चा हंगाम होता. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि पट्ट्यांवरचे आकडे त्याच्या बरेच खाली. वर हमाली, तोलाई. सरकारी खरेदीला जास्तीत जास्त १२ टक्के ओलाव्याची अट होती. ती १५ टक्क्यांवर नेली तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता आणि दिवाळी होऊन गेली होती. सणाला पैसा लागतो म्हणून आमच्या घरांनी माल आधीच विकला होता. पट्टीवरची तारीख आणि निर्णयाची तारीख शेजारी लिहिली तेव्हा वर्गात कुणी बोलेना.

मुलींची अडचण वेगळीच. घरचा हिशोब पोरींच्या हातात कोण देतं? एकीने आईला पटवून पट्ट्यांची पिशवी मिळवली, आणि सगळ्यांत जुन्या पट्ट्या तिच्याकडेच निघाल्या. पुढच्या वर्षी माल घालायच्या आधी वडील तिला विचारून गेले. मला या सगळ्यातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

त्यातून नोकऱ्या लागल्या असं मी म्हणणार नाही, बहुतेकांना लागल्या नाहीत. पण तासाला न बसणारी पोरं रविवारी येऊ लागली. "आपलं नशीबच असं" म्हणणारा मित्र "ही कपात कुठल्या नियमाने?" असं आडत्याला विचारू लागला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेव्हा गरीब पोरांना कष्ट करत शिकायची सोय दिली. पोरांवर विश्वास टाकून खरं काम सोपवायची ही आपल्याच मातीतली रीत आहे. आता बऱ्याच ठिकाणी नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी समिती येणार म्हटलं की मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर घाईघाईने भरतात. नाव, मोबाईल नंबर, पालकांचा व्यवसाय, सही. झालं मार्गदर्शन!

आणि आमचे सर? प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेले, पीएचडी झालेले, तरी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षी याच कॉलेजात असतील याची खात्री नाही. दोन कॉलेजांत एसटीने धावणारा माणूस टपरीवर पोरांजवळ तासभर बसतो, तो स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा, ही मागणी एकट्या प्राध्यापकांची राहू नये. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ती आपली म्हणून लावून धरावी, आमदारांना भेटून लेखी द्यावी. आमच्या बॅचचं निवेदन तयार आहे, सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.