म्हैस म्हणा, पण आधी आकडे बघा

जपानी गाड्यांच्या चाहत्यांत एक मत वर्षानुवर्षं फिरतंय: निस्सान स्कायलाइन जीटी-आरमध्ये १९८९ ची आर३२ हीच खरी ‘गॉडझिला’, आणि १९९५ ला आलेली आर३३ म्हणजे लांब, जड, सुस्तावलेली म्हैस.

आधी लांबी, कारण सगळा राग तिच्यावरच आहे. आर३२ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २६१५ मिलिमीटर, आर३३ चा २७२०. चार दारांच्या स्कायलाइनशी सांगाडा वाटून घेतल्यामुळे तो वाढला, हे खरं. पण हे अंतर वाढलं की गाडी मोठ्या वेगात कमी बिथरते. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या लांबलचक ट्रॅकवर एका फेरीला आर३२ ला ८ मिनिटं २० सेकंद लागले होते, आर३३ ला ७ मिनिटं ५९. निस्साननं त्याची जाहिरातच केली: ‘उणे २१ सेकंदांचा रोमान्स’. ती गाडी शोरूममधली नव्हती, कंपनीची चाचणीची होती. एवढी सूट तुम्हाला देतो. तरी २१ सेकंद म्हैस पळवून निघत नाहीत.

वजन १४३० किलोवरून १५३० वर गेलं. इथे वाद नाही, आवळ वळणांवर आर३२ जास्त चपळ वाटते. मात्र हेच लोक पुढच्या पिढीच्या आर३४ ला डोक्यावर घेऊन नाचतात, आणि ती तर आर३३ पेक्षाही किंचित जड! 

‘इंजिन तर तेच.’ हो, २५६८ सीसीचं आरबी२६ आणि कागदावर तीच २८० पीएस (अश्वशक्ती), कारण जपानी कंपन्यांनी आपसातच ती मर्यादा ठरवली होती. फरक आत आहे. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकशाफ्टचा (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा) ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद होता; इंजिन फार ताणलं की पंप फुटायचा. आर३३ मध्ये तो रुंद झाला. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचे ब्रेक आर३२ मध्ये शेवटी-शेवटी फक्त व्ही-स्पेक या खास आवृत्तीला मिळाले, आर३३ मध्ये सगळ्यांना.

राहिल्या शर्यती. जपानच्या ग्रुप ए मालिकेत आर३२ नं २९ पैकी २९ जिंकल्या, त्याला तोड नाही. पण ती मालिका १९९३ लाच बंद पडली, आर३३ नं जिंकायचं काय? तिनं १९९५ ला फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत एकूण दहावा क्रमांक मिळवला आणि १९९८ ला जपानच्या जीटी मालिकेतल्या जीटी५०० गटाचं विजेतेपद.

दिसण्यावरून मात्र मी भांडणार नाही. तोंडावळा मलाही आर३२ चाच आवडतो.