सर्जनकडे जाण्याआधी एवढी तयारी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सुनीलजी,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत धन्यवाद म्हणून मोकळा होत नाही.

तुमच्या वहिनींना बॅरिअॅट्रिक सर्जनची, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची, पहिली अपॉइंटमेंट मिळाली आहे. वय ४१, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८४.५ किलो, मधुमेह आणि गुडघेदुखी. सर्जनच्या पहिल्या भेटीआधी काय तयारी करावी, या माझ्या लेखातली यादी वाचून त्या बिचकल्या, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोळ्या, सवयी, वजन, आहार हे सगळं विचारणं डॉक्टरांचं काम आहे, पेशंटचं नाही. त्यापेक्षा ‘रक्ताच्या सगळ्या तपासण्या आधीच उरकून जा’ असं सांगितलं असतं तर एक खेप वाचली असती. आणि आता वजन कमी करणारी इंजेक्शनं आली असताना ऑपरेशनची भलामण कशाला?

तपासण्यांपासून सुरू करतो, कारण तिथे मला तुमचं अजिबात पटत नाही. पॅकेज करून जाण्यात पैसे जातात ते जातातच, पण रिपोर्ट दिशाभूल करू शकतो. पोटातल्या एच. पायलोरी जंतूची श्वासावरची किंवा शौचावरची तपासणी घ्या. ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर जंतू असूनही तपासणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. ती गोळी साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते, आणि कधी बंद करायची ते डॉक्टर ठरवतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचे आकडे बिघडू शकतात. महिन्याभरात बी-१२ची इंजेक्शनं घेतली असतील तर रक्तातली पातळी छान दिसते आणि मूळची कमतरता झाकली जाते. शिवाय ऑपरेशन दोन-तीन महिने लांबलं तर भूलतज्ज्ञ त्यातल्या बऱ्याच तपासण्या पुन्हा मागणारच.

नव्या रिपोर्टपेक्षा जुने कामाचे. एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) गेल्या दोन-तीन वर्षांतले सगळे आकडे, पोटाची जुनी सोनोग्राफी, कधी ईसीजी किंवा टूडी एको झाला असेल तर तो, आणि आधीच्या कुठल्याही ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली, नवं वर. नव्या तपासण्या सर्जन लिहून देतील: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, लिव्हर, किडनी, सोनोग्राफी आणि बहुतेक ठिकाणी एन्डोस्कोपी.

आता ‘डॉक्टर विचारतीलच’ याबद्दल. विचारतील, नक्की विचारतील. पण उत्तर पेशंटकडेच असतं, आणि ओपीडीच्या पंधरा-वीस मिनिटांत ते आठवत नाही. त्या उत्तरांवर नुसती फाईल भरत नाही, ऑपरेशन कोणतं करायचं ते ठरतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. त्या नळीत दाब वाढतो, त्यामुळे आधीच आम्ल वर येत असेल तर स्लीव्हनंतर तो त्रास वाढू शकतो. अशा पेशंटला बऱ्याचदा बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचं) सुचवतात. म्हणून वहिनींनी ‘मला पित्त आहे’ एवढंच सांगू नये. रात्री आडवं पडल्यावर आंबट पाणी घशात येतं का, आठवड्यातून किती वेळा, त्यावर कोणती गोळी किती वर्षं चालू आहे, हे सांगावं. डोकं दुखून उलटी होणं ही वेगळी तक्रार, तिची सरमिसळ नको.

आता उलट बाजू. बायपासमध्ये जठराच्या छोट्या कप्प्याला आतडं जोडतात, आणि त्या जोडाजवळ अल्सर होण्याची भीती असते. तो अल्सर ओढवून घेण्याचे दोन हमखास रस्ते म्हणजे तंबाखू आणि डायक्लोफेनॅक-एसीक्लोफेनॅक जातीच्या वेदनाशामक गोळ्या. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणजे या गोळ्या घरात असणारच. आठवड्याला किती लागतात ते मोजून सांगा. एखाद्या वैद्याकडची सांधेदुखीची पुडी चालू असेल तर तीही सोबत न्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडने वजन आणि साखर दोन्ही चढतात.

तंबाखूचं तर विचारूच नका. ‘स्मोकिंग करता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका शांतपणे ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणं हे तंबाखूच आहे. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि जोड भरून यायला अडथळा करतं. ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी ती बंद व्हावी लागते. सासूबाईंसमोर सांगायचा संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून द्यावं.

गोळ्यांची नावं पाठ करू नका, पाकिटं पिशवीत घाला आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मधुमेहाच्या एकाच गोळीत हल्ली दोन-तीन औषधं एकत्र असतात. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवावं लागतं. नाहीतर साखर जवळपास नॉर्मल दिसत असताना रक्तात आम्ल साचू शकतं, आणि ग्लुकोमीटरवर विश्वास ठेवून सगळे निवांत बसतात. ऑपरेशनआधी लिव्हर आक्रसावं म्हणून साधारण दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरीचा आहार देतात, तेव्हा इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला नाही तर साखर धाडकन खाली येते. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांच्या नजरेस आणायचं, एवढंच.

लेखातल्या यादीत उंची-वजनाचा मुद्दा तुम्हाला ‘बालिश’ वाटला. वहिनींचाच आकडा घ्या. १५५ सेंटिमीटर आणि ८४.५ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५.२. तीच उंची कुणी चपलेसकट १५६ लिहिली तर बीएमआय ३४.७. एका सेंटिमीटरने त्या ३५च्या रेषेखाली गेल्या.

वैद्यकीयदृष्ट्या त्याने फारसं बिघडत नाही. वजनकपात शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली निकष बदलले. ३५च्या वर सोबतचे आजार नसले तरी ऑपरेशनचा विचार, मधुमेहासारखा आजार असेल तर ३०च्या वर, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच. पण विमा अजून १९९१च्या अमेरिकन निकषांच्या जवळ उभा आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित शब्दरचनेत बीएमआय ४० किंवा जास्त लागतो, किंवा ३५ आणि त्यासोबत चारपैकी एखादा गंभीर आजार: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), किंवा नियंत्रणात नसलेला टाइप-२ मधुमेह. शिवाय वजन कमी करायचे साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. गुडघेदुखी, थायरॉइड, पीसीओडी, बीपी यांपैकी काहीही त्या चारांत नाही.

म्हणजे वहिनींची केस उभी आहे ती ‘नियंत्रणात नसलेला’ या दोन शब्दांवर. औषधं चालू असूनही एचबीए१सी वर राहिलं हे दाखवणारे जुने रिपोर्ट त्यासाठीच लागतात. डाएट, जिम, आहारतज्ज्ञ असे जे प्रयत्न झाले त्यांच्या पावत्या आणि तारखा त्यासाठीच जपायच्या. कोणत्या वर्षी किती किलो उतरलं, किती महिने टिकलं, पुन्हा कधी चढलं, हे एका पानावर लिहा. बाळंतपणानंतर चढलं की एखादं औषध सुरू झाल्यावर, हेही त्यात आलं पाहिजे.

आणि पहिल्याच भेटीत उंची अनवाणी, वजन हलक्या कपड्यांत, आणि दोन्ही आकडे तारखेसह केसपेपरवर नोंदवून घ्या. १५५ उंचीला ३५ची रेषा ८४.१ किलोवर येते. वहिनींच्या हातात जेमतेम चारशे ग्रॅम आहेत, तेवढं तर साडीचंच वजन भरतं! ऑपरेशनआधीच्या आहाराने दोन किलो उतरले की त्या रेषेखाली जाणार. मग ॲडमिशनच्या दिवशीचा आकडा आणि आधी पाठवलेला आकडा जुळत नाही म्हणून टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, प्रश्न येतो. विम्यासाठी पहिल्या नोंदीचं वजन धरणार की ॲडमिशनचं, हे हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला त्याच दिवशी विचारा. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही तिथेच तपासून घ्या. विम्यात बसावं म्हणून मुद्दाम खाऊन वजन वाढवणारे लोक असतात. लिव्हर आणखी फुगतं आणि सर्जनला दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचायला तेच आडवं येतं.

आहाराची नोंद तुम्ही ‘शाळेचा गृहपाठ’ म्हटलीत. फक्त तीन दिवसांची हवी, आणि त्यात एक दिवस उपवासाचा असू द्या. चहा हमखास राहून जातो. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर आणि दोनशेच्या आसपास कॅलरी, बिस्किटं वेगळी. गोड पातळ पदार्थांवर भर असेल तर ते स्लीव्हच्या नळीतून सहज उतरतात आणि वजन अडतं. उपवासाचं कारण निराळं आहे. ऑपरेशननंतर रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि एका वेळी चार-सहा घास मावतात. ५० ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅमच्या आसपास मिळतात, वाटीभर घट्ट वरणातून पाच-सहा. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च, खिचडीतली प्रथिनं दाण्याच्या कुटाची. वहिनी शाकाहारी असतील आणि चातुर्मास, नवरात्राचे नऊ दिवस, निर्जळी एकादशी पाळत असतील तर हे आहारतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा. दूध पचतं का, तेही सांगा, कारण प्रोटीन पावडर त्यावरून ठरते.

लोकांना घाबरवतो, हा आरोप राहिला. एक गोष्ट मी लेखात मुद्दाम ठळक केली होती आणि करत राहणार. ऑपरेशन पुण्या-मुंबईत होतं, पण महिन्याभराने उलट्या सुरू होतात तेव्हा पेशंट गावी असतो. जवळच्या दवाखान्यात नेतात, अशक्तपणा आलाय म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावतात. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१चा, साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तो संपत आलेला असताना आधी थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते: एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. हे टाळण्याचं औषध स्वस्त आहे, फक्त सलाईन लावणाऱ्याला माहीत असायला हवं. म्हणून पहिल्याच भेटीत सर्जनना विचारा: उलट्या दोन दिवस थांबल्या नाहीत तर कुणाला फोन करायचा, आणि गावच्या डॉक्टरांना दाखवायला तुम्ही चिठ्ठी द्याल का? ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत नाडी १२०च्या वर, ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणं, धाप, असं झालं तर रात्री दोन वाजता कोण उचलेल, हेही विचारा. या प्रश्नावर चिडणारा सर्जन असेल तर दुसरं मत घ्यावं.

इंजेक्शनांबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. ती उपयोगी आहेत, पण थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढायला लागतं. ऑपरेशननंतरही काहींचं चढतं, ते लपवायचं कारण नाही. वहिनींसाठी कोणता मार्ग, हे प्रतिक्रियांच्या रकान्यात ठरायचं नाही. ‘इंजेक्शन का नाही?’ हा प्रश्न त्याच भेटीत सरळ विचारा. मात्र आधी एखादा डोस घेतला असेल तर शेवटची तारीख लिहून न्या. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं, त्यामुळे उपाशी असूनही भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एन्डोस्कोपीलाही हेच लागू.

पैशांचं पटकन सांगतो. पॅकेज विचारताना जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरची कार्ट्रिजेस त्यात धरली आहेत का ते विचारा. स्लीव्हला साधारण पाच-सहा लागतात आणि बिल फुगतं ते तिथेच. आयसीयूचा दिवस, जठराच्या शिवणीतून गळती झाली तर पुन्हा ऑपरेशन, वर्षभराच्या फॉलोअपची फी यांचंही तसंच. जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या असतात, तो खर्च पॅकेजमध्ये कुठेच दिसत नाही. पाळी सुरू आहे तोवर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, तेव्हा ४१व्या वर्षीही तो विषय काढायला हवा.

शेवटी तुम्ही विचारलंत, वहिनी एकट्या गेल्या तर चालेल का. दादांना सोबत न्या. घोरता घोरता श्वास अडकतो का, झोपेत दचकून उठतात का, हे वहिनींना स्वतःला कळणार नाही. ते खोलीत झोपणाऱ्यालाच माहीत असतं, आणि त्यावरच स्लीप स्टडी लिहायची की नाही ते ठरतं. दादांना सुट्टी मिळत नसेल तर रात्रीचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग वहिनींच्या फोनवर करून द्या.