अकरा कॅन पुढे

पूर्व झांबियातल्या खेड्यात गणित शिकवायला येऊन मला आता चौदा महिने झाले. इथली थंडी जून-जुलैची. आईने बळेच बॅगेत कोंबलेली सोलापुरी चादर तेव्हा कामाला आली. मक्याच्या पिठाची न्शिमा हाताने वळून खाणं ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्याला जड नाही. (शेंगाचटणी संपली तेव्हा मात्र दोन दिवस तोंड उतरलं होतं.) जड गेला तो हापसा.

तसा तो आपलाच. लांब दांड्याचा, लोखंडी इंडिया मार्क टू. १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो तयार झाला, तो सोलापुरात बनलेल्या पंपात सुधारणा करून. हे मला इथे येऊन कळलं. परमुलखात भेटला कोण, तर गाववाला!

पहिले तीन आठवडे २० लिटरचा कॅन घेऊन मी दिसलो की बायका बाजूला व्हायच्या. पाहुणा म्हणून मीही खुशाल पुढे घुसायचो. एके सकाळी एका अगोगोने, म्हणजे आजीने, चकार शब्द न काढता माझा कॅन उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. सगळ्या खदाखदा हसल्या. माझ्यापुढे अकरा कॅन. त्या दिवसापासून वाटेत लोक माझी टिंगल करू लागले आणि मला इथलं झाल्यासारखं वाटलं.

घरच्या ग्रुपवर मात्र अखंड उजनी धरण. तिथून सोलापूरला येणारी समांतर जलवाहिनी, उसाला किती, शहराला किती. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्यांनी भांडायचं नाही तर काय करायचं? उसाला आवर घाला म्हणणाऱ्यांच्या बाजूचाच मी. पण हा सगळा वाद धरणापासून टाकीपर्यंत. पुढे गल्लीत काय होतं, यावर सगळे गप्प. हापशावर हात चालेल तेवढंच पाणी, आणि कोण कुठे उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी पाणी सुटलं की मोटर लागते, हौद भरतो आणि गल्लीच्या टोकाचा नळ नुसती हवा सोडतो. कॅन पुढे सरकवणारे तिथेही आम्हीच.

"तिकडची गावं बघ, स्वतःचं स्वतः करतात. आपल्याला फुकटाची सवय," असं भाऊ लिहितो. हे मला साफ नामंजूर. वॉशर गेला की इथे घरटी वर्गणी निघते, माणसं जमून बोअरमधले पाइप वर ओढतात, कारण दुसरं कोणी येतच नाही. या नाइलाजाचे गोडवे गाऊन सोलापूरकरांना गप्प बसवायचं, हे कुठलं शहाणपण?

परवा आईचा फोन आला. रात्री दोनला पाणी सुटलं म्हणे, सगळं भरून घेतलं.

"टोकाच्या काकूंना मिळालं का गं?"

"काय माहीत बाबा. आपली मोटर चालू होती."